फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या टायरांचा मेळ कसा घालावा

निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या उसाच्या पट्ट्यात दसऱ्याच्या सुमारास, गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टरचे टायर बदलण्याची घाई सुरू होते. टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरवर वर्षानुवर्षे चाललेली रीत अशी : मागचे टायर झिजले की तेवढेच दोन बदलायचे, ट्रॉली ओढायची म्हणून जमल्यास एक माप मोठे घालायचे, आणि पुढचे आणखी वर्षभर ढकलायचे. त्या ट्रॅक्टरवर याने फारसे बिघडत नाही, कारण पुढची चाके नुसती मागून लोटली जातात. फोर व्हील ड्राइव्हवर मात्र पुढची आणि मागची चाके गिअरांनी एकमेकांशी बांधलेली असल्यामुळे हीच रीत पुढच्या ॲक्सलच्या मुळावर येते. नव्या टायरांवर पहिल्याच आठवड्यात फोर व्हीलचा लिव्हर अडकू लागला, पुढचे टायर एका हंगामात गुळगुळीत झाले, ड्राइव्ह शाफ्टचा क्रॉस तुटला, अशा तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा ट्रॅक्टरचा दोष नसून टायरांचा बिघडलेला मेळ असतो.

हा मेळ मापांचे आकडे शेजारी मांडून जुळत नाही. तो आपल्याच ट्रॅक्टरच्या चाकांचे फेरे मोजून ठरवावा लागतो, आणि त्यासाठी खडू, टेप, एक माणूस आणि शंभर मीटर सरळ पाणंद एवढे पुरते.

मोजण्याआधी : लीड म्हणजे काय

पुढच्या ॲक्सलला ताकद गिअरबॉक्समधून ड्राइव्ह शाफ्टने मिळते. डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरन्शिअल प्रत्येक ॲक्सलमध्ये असते. पण आपल्याकडच्या शेतीच्या ट्रॅक्टरमध्ये पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या दरम्यान ते नसते. त्यामुळे फोर व्हील लावल्यावर मागचे चाक एकदा फिरले की पुढचे चाक ठरलेल्या प्रमाणातच फिरते, समजा १.४ वेळा. हे प्रमाण दातांच्या संख्येवर ठरलेले असते आणि टायर कोणतेही घातले तरी ते बदलत नाही.

बदलते ते एका फेऱ्यात टायरने कापलेले अंतर. कंपन्यांच्या तक्त्यांत याला रोलिंग सर्कमफरन्स म्हणतात. या लेखात त्याला ‘फेऱ्याचे अंतर’ म्हटले आहे. पुढच्या चाकांनी मागच्यापेक्षा किंचित जास्त अंतर कापण्याचा प्रयत्न करावा, अशी रचना मुद्दाम केलेली असते, आणि या जास्तीच्या टक्केवारीला लीड म्हणतात. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, त्यामुळे त्यांना थोडी आघाडी लागतेच. शिवाय शेतात ती आघाडी असली तरच पुढची चाके खरोखर ओढतात.

साधारणपणे १ ते ५ टक्के लीड योग्य धरतात. आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच अंतिम मानावी. लीड शून्याच्या खाली गेली तर मागची चाके ट्रॅक्टरला ढकलतात आणि पुढची ब्रेकप्रमाणे अडवतात. ताकद पुढच्या गिअरांतून उलट्या दिशेने परत येते. लीड फार वाढली तर पुढची चाके सतत घसरत राहतात, टायर खरवडले जातात आणि शाफ्टमध्ये ताण साचतो. या साचलेल्या ताणामुळेच लिव्हर सुटत नाही.

टप्पा १ : मूळ जोडी शोधणे

सध्या अंगावर असलेले टायर मूळचेच आहेत, असे गृहीत धरू नये. सीमाभागात जुने ट्रॅक्टर दोन्ही बाजूंनी येतात-जातात. कोल्हापूर-सांगलीकडून आणलेला ट्रॅक्टर दोन मालकांच्या हातून गेलेला असतो आणि मधल्या कोणी टायर कसे बदलले ते कुणालाच ठाऊक नसते. म्हणून मूळ जोडी पुस्तिकेतून घ्यावी. कर्नाटकातल्या शोरूममधून मिळालेली पुस्तिका कन्नड असेल तर कन्नड वाचणाऱ्या शेजाऱ्याकडून टायरांच्या तक्त्याचे पान तेवढे शोधून घ्यावे. मापे सगळीकडे सारखीच लिहिलेली असतात. पुस्तिका हरवली असेल तर चासी नंबर देऊन शोरूममधून मूळ जोडी लेखी मागावी.

आपल्याकडे ४५ अश्वशक्तीच्या आसपासच्या काही ट्रॅक्टरांवर पुढे ८.००-१८ आणि मागे १३.६-२८ अशी, तर ५० ते ५५ अश्वशक्तीच्या काहींवर पुढे ९.५-२४ आणि मागे १६.९-२८ अशी जोडी येते. मात्र शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची अश्वशक्ती तीच आहे म्हणून त्याची जोडी उचलू नये. पुढच्या ॲक्सलचे प्रमाण मॉडेलागणिक वेगळे असते.

माप असे वाचावे. १६.९-२८ मध्ये १६.९ ही टायरची नाममात्र रुंदी इंचांत आणि २८ हा रिमचा व्यास इंचांत. मधे आडवी रेघ असेल तर टायर साधा, नायलॉनचा. रेघेच्या जागी इंग्रजी ‘आर’ असेल तर रेडियल. रेडियलमध्ये मिलिमीटरची मापेही येतात : ४२०/८५ आर २८ हे १६.९ आर २८ च्या जागी बसते, ३८०/८५ आर २८ हे १४.९ च्या आणि ३४०/८५ आर २८ हे १३.६ च्या. यातला ८५ हा उंचीचा आकडा आहे. तिथे ७० असेल तर त्याच रुंदीचा टायर बुटका असतो, आणि फसगत बहुतेक वेळा इथेच होते.

या मापात टायरची बाहेरची उंची कुठेच लिहिलेली नसते. एकाच २८ च्या रिमवर १३.६ वरून १४.९ वर गेले की उंची सुमारे ४ टक्क्यांनी वाढते, १४.९ वरून १६.९ वर गेले की पुन्हा तितक्याच, किंवा थोड्या अधिक टक्क्यांनी. म्हणजे ‘फक्त एक माप मोठे’ या एका निर्णयात सगळी लीड संपून जाते.

तपासणी : चारही टायरांची मापे, कंपनी, आणि टायरच्या बाजूवरचा उत्पादनाचा चार आकडी शिक्का वहीत लिहावा. २४१९ म्हणजे २०१९ सालचा २४ वा आठवडा. डाव्या-उजव्या टायरांत कंपनी किंवा वय फार वेगळे असेल तर पुढच्या टप्प्यात ते लक्षात ठेवावे.

टप्पा २ : ट्रॅक्टर मोजण्यायोग्य करणे

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच वगळला जातो. खंडेनवमीला ट्रॅक्टर धुऊन-पुसून पूजेला उभा असतो. मोजमापाला त्याच्याइतका सोयीचा दिवस नाही, कारण टायरांवर चिखलाचे थर नसतात आणि मागे औजारही जोडलेले नसते.

सकाळी टायर थंड असताना हवा तपासावी. पुढच्या दोन्ही चाकांत एकमेकांइतकी आणि मागच्या दोन्हीत एकमेकांइतकी हवा असावी. किती, ते पुस्तिकेत शेतकामासाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे. पंपावर जाऊन अंदाजाने भरलेली हवा चालणार नाही, कारण हवा कमी झाली की टायर दबतो आणि फेऱ्याचे अंतर घटते. मागच्या टायरांत पाणी भरलेले असेल तर दोन्हींत सारखे असावे : व्हॉल्व्ह सर्वांत वर ठेवून व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत भरले की टायर सुमारे ७५ टक्के भरतो. अशा टायरची हवा मोजतानाही व्हॉल्व्ह वरच असावा; खाली असताना गेजमध्ये पाणी शिरते आणि आकडाही चुकतो.

त्यानंतर मापाच्या टेपने प्रत्येक टायरचा घेर, कंगोऱ्यांच्या (टायरवरच्या रबराच्या उंच तिरक्या पट्ट्यांच्या) मधल्या रेषेवरून, गुंडाळून मोजावा. टायर जमिनीवर असताना खालची बाजू दबलेली असते, म्हणून त्या ॲक्सलखाली जॅक देऊन चाक जेमतेम उचलावे आणि मगच टेप फिरवावा. डाव्या-उजव्या घेरात एक टक्क्याहून अधिक फरक सापडला, म्हणजे साडेचार मीटरच्या घेरात साडेचार सेंटिमीटरहून अधिक, तर फोर व्हीलचा विचार नंतर करावा; आधी ती जोडी सारखी करावी. असा फरक असताना त्या ॲक्सलचे डिफरन्शिअल सरळ रस्त्यावरही अखंड फिरत राहते.

सावधान : चाक उचललेले असताना इंजिन बंद असावे, फोर व्हील सुटलेले असावे आणि जमिनीवरच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावलेले असावेत. मागचा ॲक्सल जॅकवर चढवून, फोर व्हील लावून, गिअर टाकून फेरे मोजण्याचा उद्योग कोणीही करू नये. पुढची चाके जमिनीवर असल्याने ट्रॅक्टर जॅकवरून उडी मारून पुढे येतो.

टप्पा ३ : फेरे मोजणे

संपूर्ण कामाचा गाभा हा आहे. दोन चाचण्या करायच्या : एक फोर व्हील सोडून, एक लावून. दोन्हींत मागच्या चाकाचे फेरे तेवढेच ठेवायचे आणि पुढच्या चाकाचे फेरे मोजायचे.

मागच्या चाकाचे १० फेरे मोजून चालेल असे अनेकजण सांगतात. माझ्या मते २० घ्यावेत. कारण साधे आहे. मागचे चाक दहा वेळा फिरताना पुढचे चाक साडेतेरा-चौदा वेळा फिरते आणि आपण डोळ्याने पाव फेरा इकडे-तिकडे मोजला तरी उत्तरात जवळपास दोन टक्क्यांची चूक येते. आपल्याला जी लीड शोधायची ती मुळात तीन टक्क्यांची. मग दोन टक्क्यांची चूक परवडत नाही.

पहिली चाचणी, फोर व्हील सोडून. जागा घट्ट, कोरडी, सपाट आणि सरळ असावी. मुरमाची पाणंद किंवा दाबलेले खळे उत्तम. औजार आणि ट्रॉली काढून टाकावी. मागच्या एका टायरवर आणि त्याच बाजूच्या पुढच्या टायरवर, जमिनीला टेकलेल्या जागी, खडूने ठळक खूण करावी आणि टायरच्या बाजूवरून ती रिमपर्यंत ओढावी. लिव्हर सोडल्यावर ट्रॅक्टर दोन-तीन मीटर मागे घेऊन पुन्हा पुढे आणावा, म्हणजे शाफ्टमध्ये अडकलेला ताण सुटून फोर व्हील खरोखर सुटते. मग सर्वांत हळू गिअरमध्ये, स्टीअरिंग न हलवता, ट्रॅक्टर पुढे न्यावा. एकजण मागच्या चाकाचे फेरे मोजेल, दुसरा पुढच्याचे; एकच माणूस असेल तर मोबाइलवर व्हिडिओ घेऊन नंतर मोजले तरी चालते. मागची खूण विसाव्यांदा जमिनीला टेकली की ट्रॅक्टर थांबवावा.

पुढच्या चाकाचे पूर्ण फेरे झाले. आता उरलेला अपूर्ण फेरा कंगोऱ्यांनी मोजावा. पुढच्या टायरच्या एका बाजूला किती कंगोरे आहेत ते आधीच मोजून ठेवावे. समजा २० आहेत आणि खुणेपासून जमिनीपर्यंत ४ कंगोरे गेले, तर तो ०.२ फेरा. अशा रीतीने एक कंगोरा चुकला तरी उत्तरात पाव टक्क्याचाही फरक पडत नाही. या संख्येला आपण ‘सुटा आकडा’ म्हणू.

दुसरी चाचणी, फोर व्हील लावून. ही डांबरावर किंवा काँक्रीटवर करू नये. नांगरट करून रोटाव्हेटर फिरवलेले कोरडे रान निवडावे, जिथे टायर घसरले तरी काही बिघडत नाही. इथे टायर किती घसरले याला महत्त्वच नाही, कारण आपण गिअरांचे प्रमाण मोजतो आहोत आणि ते घसरण्यावर अवलंबून नाही. मात्र ट्रॅक्टर सरळ रेषेत चालला पाहिजे आणि डावे-उजवे चाक एकत्र जखडणारा डिफरन्शिअल लॉक दोन्ही चाचण्यांत सुटलेला असावा. पुन्हा मागचे २० फेरे, पुन्हा पुढचे फेरे. हा ‘जोडलेला आकडा’.

भुसभुशीत रानात डावे आणि उजवे चाक किंचित वेगळे फिरू शकते. म्हणून ही चाचणी एकदा डाव्या आणि एकदा उजव्या बाजूच्या खुणा धरून करावी आणि दोन्हींची सरासरी घ्यावी.

तपासणी : जोडलेला आकडा त्या ट्रॅक्टरचा कायमचा आकडा आहे. टायर बदलले, हवा बदलली, वर्ष बदलले, तरी तो बदलता कामा नये. पुढच्या वेळी तो वेगळा आला तर मोजणीत चूक झाली आहे. सुटा आणि जोडलेला आकडा तंतोतंत सारखे आले, तर एक तर लीड शून्य आहे किंवा, बहुधा, फोर व्हील एका चाचणीत लागलेच नाही अथवा सुटलेच नाही.

सावधान : मोजणारा माणूस चाकाच्या बाजूने, हातभर अंतर राखून चालावा. दोन चाकांच्या मध्ये वाकून खडूची खूण शोधू नये. उपरणे, सैल सदरा नको.

टप्पा ४ : गणित

जोडलेल्या आकड्याला सुट्या आकड्याने भागावे, उत्तरातून १ वजा करावा आणि १०० ने गुणावे. हीच लीड.

समजा पुढे ९.५-२४ आणि मागे १४.९-२८ असलेल्या ट्रॅक्टरवर सुटा आकडा २६.० आणि जोडलेला आकडा २६.८ आला. २६.८ ला २६.० ने भागले की १.०३१ येते, लीड ३.१ टक्के. छान. आता मालकाने ऊस ओढायला म्हणून मागे १६.९-२८ घातले. मागचे टायर उंच झाले, त्यांच्या वीस फेऱ्यांत ट्रॅक्टर जास्त लांब गेला, म्हणून सुट्या चाचणीत पुढचे चाक २७.२ वेळा फिरले. जोडलेला आकडा मात्र गिअरांचा, तो २६.८ च राहिला. २६.८ भागिले २७.२ म्हणजे ०.९८५; लीड उणे १.५ टक्के. या ट्रॅक्टरचे फोर व्हील आता लावायचे नाही. लावले तर शंभर मीटर चालताना पुढची चाके दीड मीटर मागे ओढत राहतील.

उत्तर ऋण आले तर टायर बदलेपर्यंत लिव्हरला हात लावू नये. ० ते १ आले तर आज चालेल, पण पुढचे टायर थोडे झिजले की ते शून्याखाली जाईल, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी मोजावे. १ ते ५ मध्ये काही करायचे नाही. ५ च्या वर असेल तर ओल्या, मऊ रानात फोर व्हील लावता येते, पण घट्ट जमिनीवर आणि बांधावर वळताना ते सोडावे आणि पुढची खरेदी करताना दुरुस्ती करावी.

पुढच्या टायरांची झीजही बरेच सांगते. लीड जास्त असेल तर पुढचे टायर वेळेआधी, सगळीकडून खरवडल्यासारखे झिजतात. लीड ऋण असेल तर कंगोऱ्यांची एकच कड घासली जाते आणि हात फिरवल्यावर दुसरी कड धारदार लागते. हे खरेदीआधीच दिसते. तरी निर्णय आकड्यांवर घ्यावा, कारण टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा आतल्या बाजूचा किंचित कल, बिघडल्यानेही पुढचे टायर विचित्र झिजतात.

टप्पा ५ : नवे टायर निवडणे

जोडलेल्या आकड्याला २० ने भागले की गिअरांचे प्रमाण मिळते. समजा ते १.४० आले आणि पुढच्या टायरचे फेऱ्याचे अंतर ३१५० मिलिमीटर आहे. ३१५० गुणिले १.४० म्हणजे ४४१०. याला १.०५ ने भागले की ४२००, आणि १.०१ ने भागले की ४३६६. मागच्या टायरचे फेऱ्याचे अंतर ४२०० आणि ४३६६ मिलिमीटरच्या मध्ये असले पाहिजे. हे दोन आकडे कागदावर लिहूनच दुकानात जावे आणि विक्रेत्याकडे कंपनीचा तक्ता मागावा. ट्रॅक्टर टायर बनवणाऱ्या कंपन्यांच्या तक्त्यांत रोलिंग सर्कमफरन्स हा रकाना असतो. एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या टायरांतही एक-दोन टक्क्यांचा फरक पडतो, म्हणून ‘माप तेच आहे’ हे उत्तर अपुरे आहे.

मला स्वतःला हे पैसे मोजून शिकावे लागले. मागचे दोन टायर नवे घेतले, माप जुनेच, कंपनी तेवढी दुसरी. दुकानदाराने छातीठोक सांगितले की काही फरक पडत नाही. पुढचे टायर निम्मे झिजलेले होते, ते तसेच राहिले. चिखलणीत काही जाणवले नाही. पण नंतर कोरड्या रानात पलटी नांगर ओढताना लिव्हर दगडासारखा अडकला. मोजल्यावर लीड उणे निघाली : नव्या मागच्यांची उंची, कंपनीचा फरक आणि पुढच्यांची झीज, तिन्ही एकाच दिशेने साचले होते.

झिजेचा हिशोब असा मांडावा. ९.५-२४ टायरची उंची सुमारे १०५ सेंटिमीटर असते. त्याचे कंगोरे १५ मिलिमीटरने झिजले तर उंची ३ सेंटिमीटरने, म्हणजे जवळपास ३ टक्क्यांनी घटते. १६.९-२८ ची उंची सुमारे १४३ सेंटिमीटर. त्याचे कंगोरे २० मिलिमीटरने झिजले तरी घट जवळपास तेवढीच. चारही टायर मिळून झिजले तर टक्केवारी सारखी घटते आणि लीड जागच्या जागी राहते. दोनच नवे घातले की ती तीन टक्क्यांनी सरकते. ऊसवाहतुकीत डांबरावर मागचे टायर आधी झिजतात आणि लीड हळूहळू वाढत जाते, ते कुणाच्या लक्षात येत नाही; मग मागचे नवे बसतात आणि ती एका दिवसात कोसळते.

तक्ता मिळत नसेल तर टेप कामाला येतो. जुन्या आणि नव्या टायरचा घेर सारख्याच पद्धतीने मोजावा आणि किती टक्के वाढला ते काढावे. नवा टायर रिमवर चढवून हवा भरल्याशिवाय हे माप घेऊ नये. मागचा घेर जितक्या टक्क्यांनी वाढेल तितकी लीड घटते. पुढचा वाढेल तितकी वाढते. झिजलेल्या मागच्या टायरचा घेर ४३७ सेंटिमीटर आणि नव्याचा ४४९ असेल तर वाढ २.७ टक्के, आज लीड ४ टक्के असेल तर उद्या १.३ राहील. चालेल.

पैसे दोनच टायरांचे असतील तर? सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे आहे त्याच मापात, कमी फेऱ्याच्या अंतराची कंपनी मागच्यांसाठी निवडणे आणि पुढचे टायर येईपर्यंत मोजत राहणे. हवा कमी-जास्त करून लीड जेमतेम एखाद्या टक्क्याने हलते, तीही पुस्तिकेतल्या मर्यादेत राहून. तिच्यावर बिघडलेली जोडी तोलून धरता येत नाही.

रिमोल्ड टायर मागे घालणार असाल तर दोन्ही टायरांवर चढवलेले रबर सारखे आहे का, हे घेर मोजूनच ताब्यात घ्यावे. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन, किंवा उलट, अशी मिसळ शक्यतो टाळावी. रेडियल जास्त दबतो, त्यामुळे उंचीवरून बांधलेला अंदाज चुकतो.

उसात आंतरमशागत करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सरीत मावावेत म्हणून मागे १३.६-२८ च्या जागी १२.४-२८ घातले की टायर अरुंद होतो तसा बुटकाही होतो आणि लीड सुमारे ४ टक्क्यांनी वाढते. अरुंदच हवे असतील तर मोठ्या व्यासाच्या रिमवरचे अरुंद टायर घ्यावे लागतात, किंवा पुढची जोडीही त्याच प्रमाणात बदलावी लागते. खानापूर-जांबोटीकडे भाताच्या चिखलणीसाठी मागचे टायर काढून लोखंडी केज व्हील बसवतात, तिथेही हाच नियम लागू आहे. केज व्हीलचा व्यास टायरशी जुळत नसेल तर फोर व्हील लावू नये. चिखलात ते खपून जाते, पण बांध ओलांडून घट्ट वाटेवर आल्यावर खपत नाही.

टप्पा ६ : बसवणे

रिमवर त्याच्या रुंदीचा शिक्का असतो, उदाहरणार्थ डब्ल्यू १२ × २८. ही रिम १३.६-२८ साठीची आहे, तिच्यावर १६.९-२८ कोंबला तर टायरचा माथा फुगीर होतो, मधलेच कंगोरे जमिनीला लागतात आणि तक्त्यातला आकडा खोटा ठरतो. मोठा टायर म्हणजे बहुधा रिमही नवी, हा खर्च आधीच धरावा.

पुढचा टायर मोठा घेतला असेल तर हवा भरल्यावर स्टीअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत वळवून तो बॉनेटला, मडगार्डला किंवा सिलिंडरच्या पाइपला लागत नाही ना, ते पाहावे. पुढचा ॲक्सल एका बाजूने उचलून हीच तपासणी पुन्हा करावी, कारण शेतात ॲक्सल झुलतो आणि सपाट जमिनीवर मोकळी दिसणारी जागा तिथे उरत नाही.

फोर व्हीलवर चारही टायरांचे बाण पुढे जाण्याच्या दिशेने असावेत. कंगोऱ्यांच्या इंग्रजी व्ही अक्षराचे टोक जमिनीला आधी टेकले पाहिजे. दोन चाकांतले अंतर बदलण्यासाठी पुढची चाके त्याच बाजूला आतली बाजू बाहेर करून बसवली की बाण उलटे होतात. चाक बदलणाऱ्याला हे आधी सांगावे.

तपासणी : चाकाचे नट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने, समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. पहिल्या दिवसाच्या कामानंतर आणि पुन्हा आठवडाभराने ते आवळून घ्यावेत.

टप्पा ७ : पुन्हा मोजणे, मगच काम

नव्या टायरांवर तिसरा आणि चौथा टप्पा त्याच दिवशी पुन्हा करावा. लीड मर्यादेत आली तरच पहिल्यांदा फोर व्हील लावावे, तेही ओल्या किंवा भुसभुशीत रानात. अर्धा एकर नांगरल्यावर थांबून लिव्हर सोडून पाहावा. तो हलक्या हाताने सुटला पाहिजे. पुढच्या ॲक्सलवर हात जवळ नेऊन उष्णता पाहावी. कण्हल्यासारखा आवाज येत असेल तर काम थांबवावे.

रिकाम्या किंवा भरलेल्या ट्रॉलीसह डांबरी रस्त्यावर चालताना फोर व्हील सुटलेले असावे, लीड कितीही योग्य असली तरी. तीन टक्के लीड म्हणजे शंभर मीटरमागे तीन मीटरची ओढाताण. रानात ती मातीत जिरते, डांबरावर टायरमधून आणि गिअरांमधूनच जाते. उसाने भरलेल्या ट्रॉल्यांसह तीव्र उतारावर उतरताना काही मॉडेलांच्या पुस्तिकेत पुढच्या चाकांचाही रोध मिळावा म्हणून फोर व्हील लावायला सांगितलेले असते. तिथे पुस्तिका पाळावी आणि उतार संपताच लिव्हर सोडावा.

सुटा आकडा, जोडलेला आकडा, लीड, चारही टायरांचे घेर, हवा, तारीख आणि तासांच्या मीटरचा आकडा एका कागदावर लिहून तो प्लास्टिकमध्ये घालून टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवावा. ट्रॅक्टर विकताना तो कागद काढू नये.